गुण कोणाचा?

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खालच्या खणांत, एका जुन्या रुमालांत गुंडाळलेले, तंबाखू ओढावयाचे दोन पाइप आहेत. मी स्वतः तंबाखू ओढीत नाहीं, आणि ज्यांचे ते पाइप होते ते माझे मामा १९८३ सालीं वारले. तेव्हां या दोन वस्तूंचा मला तसा कांहींच उपयोग नाहीं. तरी घर बदलतांना पुस्तकें गेलीं, कपाटें गेलीं, पण पाइप राहिले; आणि गेल्या दिवाळींत माझ्या पुतण्यानें सहज खण उघडून, “काका, यांतला चांगला कोणता?” असें विचारलें तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं. प्रश्न अगदीं साधा होता. मीं त्याला जरा थांब म्हटलें, आणि तो दुसऱ्या कामाला निघूनहि गेला. मी मात्र त्या प्रश्नापाशींच राहिलों. पुढील विवेचन म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची तयारी आहे, असें वाचकांनीं समजावें.

मामा पुण्यास एका महाविद्यालयांत तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन शिकवीत असत. १९५६ सालीं ते अभ्यासासाठीं लंडनला गेले आणि दोन वर्षांनीं परतले ते ही संवय व हे दोन पाइप घेऊन. पैकीं एक गडद तांबूस रंगाचा, गुळगुळीत. त्याच्या तोंडांत धरावयाच्या काळ्या नळीवर मोहरीएवढा एक पांढरा ठिपका. हा ठिपका म्हणजे लंडनच्या आल्फ्रेड डनहिलची खूण, आणि पाइप ओढणाऱ्यांच्या जगांत तिला केवढा मान होता हें मामांच्या मित्रांच्या नजरेवरून मला लहानपणींच कळलें होतें. दुसरा पाइप फिकट रंगाचा, कोणाचेंहि नांव नसलेला. दांडीवर एवढेंच उमटविलेलें कीं तो लंडनमध्यें तयार झाला. पहिल्यासाठीं मामांनीं शिष्यवृत्तींतून सहा महिने पैसे सांठविले होते. दुसरा त्यांनीं एका पावसाळी संध्याकाळीं, पहिला घरीं विसरला म्हणून, स्टेशनजवळच्या दुकानांत घेतला होता.

न्यायाच्या ग्रंथांत कारणाची चर्चा निघाली कीं घट आलाच. विद्यार्थी या घटाला कंटाळलेले असतात हें ओळखून मामा वर्गांत टेबलावर पाइप ठेवीत. माती हें घटाचें समवायी कारण, तसें लांकूड हें पाइपचें; कुंभार, त्याचा दंड व चाक हीं निमित्त कारणें, तसे येथें कारागीर, त्याचें लेथयंत्र व त्याची कानस. मग ठिपक्याकडे बोट दाखवून ते विचारीत, “आणि हें कोणतें कारण?” कोणी निमित्त म्हणे, कोणी धीर करून असमवायी म्हणे. मामांचें उत्तर ठरलेलें असे. ज्या गाढवावर माती लादून कुंभार घरीं आणतो तें गाढव घटाच्या पूर्वीं हजर असतें खरें, पण तेवढ्यावरून तें घटाचें कारण ठरत नाहीं. नैयायिकांनीं त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूस काढलें आहे. डनहिलचा ठिपका म्हणजे तें गाढव! वर्ग हंसे, मामाहि हंसत. पुष्कळ वर्षें मलाहि हें उत्तर पुरेसें वाटत आलें. आज तसें वाटत नाहीं. आणि कां वाटत नाहीं तें सांगावयाचें तर लांकडापासूनच आरंभ केला पाहिजे.

उत्तम पाइप ज्या लांकडाचे करतात त्यास ब्रायर म्हणतात. भूमध्य समुद्राच्या कांठीं, कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीचा दक्षिण भाग, ग्रीस, अल्जीरिया अशा प्रदेशांत, खडकाळ आणि उन्हानें करपलेल्या उतरणींवर एरिका आर्बोरिया नांवाचें एक झुडूप वाढतें. त्याच्या फांद्यांना पाइपच्या धंद्यांत कांहींच किंमत नाहीं. खोड आणि मुळें यांच्या सांध्याशीं, जमिनीलगत, जी एक गांठ धरते तिच्यांतून पाइप निघतो. वणवा आला, पाऊस चुकला, शेळ्यांनीं वरचा पाला ओरबाडून नेला, तरी या गांठींतून पुन्हां कोंभ फुटतात; झुडपाची सारी पुंजी तिच्यांत असते. ती अतिशय सावकाश वाढते. पाइपला योग्य होण्यास तिला तीस-चाळीस वर्षें, आणि पुष्कळदां त्याहूनहि अधिक काळ लागतो. हें लांकूड घट्ट असतें, विस्तवाला सहजासहजीं दाद देत नाहीं, आणि धुराबरोबर येणारा थोडा ओलावा पिऊन घेतें. एकाच लांकडांत हे सगळे गुण मिळणें दुर्मिळ. दुसऱ्या महायुद्धांत भूमध्य समुद्राचा मार्ग बंद झाला तेव्हां अमेरिकेंतील कारखानदारांनीं आपल्याकडील डोंगरी झुडपांच्या गांठी खणून पाइप केले. युद्ध संपलें आणि ते पुन्हां ब्रायरकडे वळले.

गांठ खणून काढल्यावर ती ओली ठेवावी लागते. वारा लागून एकदम सुकली तर तडकते. मग करवतीवर बसणारा माणूस तिचे ठोकळे पाडतो. कोणता भाग टाकावा, शिरा कोणत्या दिशेनें धांवतात, हें तो हातांत गांठ घेतल्याबरोबर ठरवितो. आणि त्याचा छेद चुकला तर पुढचा कोणताहि कारागीर ती चूक भरून काढूं शकत नाहीं. या माणसाचें नांव कोणत्याहि पाइपवर कधीं उमटत नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों. ठोकळे पाण्यांत कित्येक तास उकळतात, म्हणजे आंतील चीक व तुरटपणा निघून जातो. त्यानंतर महिनोन् महिने ते वाळत पडलेले असतात. इतकें सर्व करूनहि ठोकळ्याच्या पोटांत काय आहे हें कोणालाच सांगतां येत नाहीं. वाढतांना गांठीनें एखादा खडा गिळलेला असतो, कोठें वाळूचे कण, कोठें सालीचा तुकडा. लेथवर ठोकळा फिरूं लागला, वरचे पापुद्रे निघाले, कीं तो खळगा अचानक उघडा पडतो. सर्वस्वीं निर्दोष ठोकळा ही क्वचितच घडणारी गोष्ट आहे.

असा खळगा निघाला म्हणजे कारागिरानें काय करावें? पाइप फेकून द्यावा. किंवा स्वस्तांत विकावा. किंवा त्यावर वाळूचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करावा, म्हणजे मऊ भाग झडतो, कठीण शिरा उठून दिसतात आणि दोषाबरोबर एक नवें रूपहि जन्मास येतें. किंवा खळग्यांत लुकण भरून वर गडद रंग द्यावा. या सर्व वाटा त्या धंद्यांत रूढ आहेत. मौज अशी कीं वरवरच्या खळग्यानें धुराचें कांहींच बिघडत नाहीं. मग तो लुकणानें बुजविला तर त्यांत पाप काय? माझ्या मतें, खळगा बुजविण्यांत पाप नाहीं, पण वरचा गडद रंग जर एवढ्यासाठींच दिला असेल कीं घेणाऱ्यास लुकण दिसूं नये, तर तेथें पाइप बनविणें संपलें आणि दुसरेंच कांहीं सुरू झालें. मामांच्या बिनानांवाच्या पाइपवर असें लुकण दोन ठिकाणीं आहे. रंग फिकट असल्यामुळें तें आज स्पष्ट दिसतें. ज्या कोणी तो बनविला त्यानें तें लपविलें नाहीं. हा प्रामाणिकपणा होता कीं रंगाचा खर्च वाचविला होता, हें मला ठाऊक नाहीं. पण मला तो पाइप त्यामुळें अधिक आवडतो.

लांकूड हेंच सर्वस्व मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची फसगत करणें सोपें असतें. जर्मन भाषेंत समुद्राचा फेस असा ज्याच्या नांवाचा अर्थ होतो तो मीरशॉम नांवाचा पांढरा, हलका व सच्छिद्र खनिज पदार्थ तुर्कस्तानांत एस्किशेहिरच्या परिसरांत जमिनींतून काढतात. ओला असतांना तो साबणासारखा कोरतां येतो, आणि त्याचा पाइप वर्षानुवर्षें ओढला म्हणजे धुरानें हळूहळू मधासारखा पिवळा, मग तपकिरी होत जातो. पण याच पदार्थाचा चुरा दाबून, चिकटवून बनविलेले पाइपहि त्याच नांवाखालीं विकले गेले. दुसरी गंमत अमेरिकेंतली. मिसूरी संस्थानांत वॉशिंग्टन नांवाच्या गांवीं १८६९ सालीं हेन्री टिबी या मूळच्या डच लांकूडकाम्यानें मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा पाइप लेथवर घडविला. पुढें त्या धंद्यानें स्वतःस ‘मिसूरी मीरशॉम’ असें नांव घेतलें! बुरकुंडाला रत्नाचें नांव, म्हणजे आमच्या सोनुबाईच्या हातीं कथलाचा वाळा. परंतु येथें म्हण उलटी पडते. बुरकुंडाचा पाइप स्वस्त, हलका, थोड्या दिवसांत टाकून द्यावयाचा; पण कोरडा आणि थंड धूर देण्यांत तो चांगल्या-चांगल्यांना मागें सारतो, असें जाणते ओढणारे सांगत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धांतला सेनापति मॅकआर्थर असाच पाइप तोंडांत धरून जगभरच्या छायाचित्रांत दिसला, आणि त्यामुळें त्याची अब्रू गेली नाहीं.

सारांश, लांकूड परवानगी देतें. काम दुसऱ्याच कोणास करावें लागतें. आतां त्या हाताकडे वळूं.

दुकानांत पाइप घेणारा मनुष्य काय पाहतो? तो शिरा पाहतो. दांडीपासून वाटीच्या कांठापर्यंत ज्वाळेसारख्या सरळ गेलेल्या शिरा असल्या तर किंमत कित्येक पटींनीं चढते, आणि धुराला त्या शिरांचा तिळभर उपयोग नसतो. तो झिलई पाहतो, आकार पाहतो, वजन पाहतो. जें तो पाहूं शकत नाहीं तें म्हणजे आंतील भोंक. धूर ज्या बारीक छिद्रांतून येतो तें वाटीच्या तळाशीं, अगदीं मध्यभागीं, उघडलें पाहिजे. तें जरा वर उघडलें तर तळाची तंबाखू ओली राहून कुजकट लागते. दांडी आणि काळी नळी यांच्या सांध्यांत पोकळी राहिली तर धूर तेथें थंडावतो, त्याचें पाणी होतें, आणि पाइप गुरगुरूं लागतो. वाटीची भिंत एका बाजूस पातळ झाली तर तेथें ती तापते, पुढें जळते. या सर्व गोष्टी केसाच्या अंतराच्या आहेत, आणि त्या करतांना कारागिरास कोणी पाहत नसतें.

फ्रान्सच्या ज्यूरा पर्वतांतील सां-क्लोद हें गांव या कामांत शंभरांहून अधिक वर्षें मुरलेलें. ब्रायर येण्यापूर्वीं तेथील लोक यात्रेकरूंसाठीं लांकडी जपमाळा व लहानसहान वस्तू कोरीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रायर आलें तेव्हां हात अगोदरच तयार होते. कारखान्यांत साधारणतः ठोकळ्याला आधीं आकार देतात आणि मग भोंक पाडतात. कोपनहेगनमध्यें सिक्स्टेन इवार्सन नांवाच्या एका स्वीडिश मनुष्यानें विसाव्या शतकाच्या मध्यास हा क्रम उलटा केला; तो प्रथम भोंक पाडी, आणि मग त्या भोंकाभोवतीं, शिरा जिकडे नेतील तिकडे, बाहेरचा आकार काढीत जाई. हें त्याला सुचलें याचें मला नवल वाटत नाहीं. पाइप बनवूं लागण्यापूर्वीं तो दुसऱ्यांच्या बिघडलेल्या पाइपची दुरुस्ती करीत असे. जो मोडलेल्या वस्तू उघडून पाहतो त्याला त्या कोठून मोडतात हें कळतें.

मामांच्या गाढवाचा कस याच भोंकावर लागला. मी त्या वेळीं पंधरा वर्षांचा असेन. पावसाची संध्याकाळ होती, वीज गेली होती, आणि अंधारांत मामांना आपला सिद्धांत सिद्ध करण्याची लहर आली.

“बाळ, दोन्ही पाइप भर,” ते म्हणाले. “मी हात मागें बांधून बसतों. तूं पाइप माझ्या तोंडाशीं धर. कोणता तें मात्र सांगूं नकोस. मला ओळखतां आला तर तुला पांच रुपये.”

मीं एक धरला. पांच-सात मिनिटें ते गंभीरपणें ओढीत राहिले. मग दुसरा धरला. थोडा वेळ कांहीं नाहीं. नंतर अंधारांत एक बारीक आवाज येऊं लागला, मांजर गुरगुरावें तसा.

“मामा, हा कोणता?”

“हा बिनानांवाचा. ऐकतोस ना?” मामांच्या आवाजांत पांच रुपये गेल्याचें दुःख नव्हतें; गाढव हातचें गेल्याचें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं दोन्ही पाइपमध्यें सूत गुंडाळलेली तार घालून पाहिली. ठिपकेवाल्याचें छिद्र बरोबर तळाशीं निघत होतें. दुसऱ्याचें एक-दोन जवसांएवढें वर. मामा थोडा वेळ विचार करून म्हणाले, “ठीक आहे. यावरून भोंक सिद्ध झालें, नांव सिद्ध झालें नाहीं.” आणि तर्काच्या दृष्टीनें तें अगदीं बरोबर होतें. तरी मला पांच रुपये मिळाले.

परंतु माझा प्रश्न तेथूनच सुरू होतो. छिद्र बरोबर तळाशीं निघालें हें कोणामुळें? अर्थात् कारागिराच्या हातामुळें. पण ज्याचा हात चुकला असेल असा पाइप त्या ठिपक्यासह दुकानांत कां आला नाहीं? याचें उत्तर हातांत सांपडत नाहीं.

आल्फ्रेड डनहिलनें लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०७ सालीं तंबाखूचें दुकान काढलें आणि १९१० पासून तो स्वतः पाइप करवून विकूं लागला. आरंभीं वाट्या फ्रान्समधून घडून येत. म्हणजे लांकूड भूमध्य समुद्राचें, हात सां-क्लोदचे, आणि नांव तेवढें लंडनचें! मामांना ही गोष्ट सांगतां आली असती तर ते केवढे खूष झाले असते. पांढरा ठिपका १९१२ चा. असें सांगतात कीं काळ्या नळीची वरची बाजू कोणती व खालची कोणती हें गिऱ्हाइकांस कळेना, म्हणून वरच्या बाजूस ही खूण केली. म्हणजे जन्मतः तो ठिपका अब्रूचा नव्हता. नळी अशी धरा, एवढेंच तो सांगे. पुढें त्याच्याबरोबर एक हमी आली: वर्षभरांत वाटी तडकली किंवा जळली तर बदलून देऊं, आणि ही हमी केव्हांपासून मोजावयाची हें कळावें म्हणून दांडीवर सालाचा लहानसा आंकडा उमटूं लागला. लुकण भरलेली वाटी त्या ठिपक्याखालीं विकावयाची नाहीं, हाहि नियम होता. मग खळगे निघालेल्या वाट्यांचें काय? १९२० नंतरच्या दशकांत त्यांच्यासाठीं पार्कर या वेगळ्या नांवाची कंपनीच काढण्यांत आली. त्याच घरचे, पण ठिपका नसलेले आणि किंमत उतरलेले पाइप. धूर पुष्कळदां तसाच.

येथें माझा मामांशीं मतभेद होतो. नैयायिक प्रतिबंधकाच्या अभावालाहि कारण मानतात. अग्नि जाळतो तेव्हां त्याला अडविणारें कांहीं तेथें नसणें हेंहि जळण्याचें कारण. नांवाची जागा मला तशी वाटते. ज्या पाइपवर तें आहे त्यांत नांवानें कांहीं घातलेलें नाहीं; त्याचें काम बाजूस काढलेल्या पाइपच्या ढिगांत पडलेलें आहे. तो ढीग दुकानाच्या मागच्या खोलींत असेपर्यंत नांवाला अर्थ आहे, मग पुढें किंमतींत कितीहि मिजास असो. ढीग नाहींसा झाला, सगळेंच पुढें येऊं लागलें, कीं मामा म्हणत तें गाढव शिल्लक राहतें. आज त्या नांवाच्या सिगारेटी एका प्रचंड तंबाखू कंपनीच्या मालकीच्या आहेत आणि त्याच नांवाचे कपडे व कातडी सामान दुसऱ्याच एका धनाढ्य संस्थेच्या. नांव एक, घरें दोन. अशा नांवानें कोणता ढीग बाजूस काढला, असें विचारलें तर उत्तर कोणी द्यावयाचें?

आतां मला एक गोष्ट सांगितली पाहिजे जी मामांनीं कधीं वर्गांत सांगितली नाहीं.

१९६७ च्या सुमारास ठिपकेवाला पाइप शहाबादी फरशीवर पडला आणि त्याची काळी नळी दोन ठिकाणीं फुटली. नवी नळी विलायतेहून मागविणें त्या काळीं जवळजवळ अशक्य होतें. पेठेंत एका बोळांत एक गृहस्थ फाउंटनपेनें दुरुस्त करीत आणि एबोनाइटच्या कांडीपासून नवींहि घडवीत. रबर आणि गंधक यांचा हा कठीण काळा पदार्थ. पाइपच्या नळ्याहि त्याच्याच होत असत. मामांनीं त्यांच्यापुढें तुकडे ठेवले. त्यांनीं आयुष्यांत पाइपची नळी केली नव्हती. आठ दिवसांनीं आम्ही गेलों तेव्हां नळी तयार होती. टोंकाशीं दांतांत धरावयास पातळ, मधें किंचित् फुगीर, आणि दांडीच्या सांध्याशीं अशी बसलेली कीं नखाला रेघ लागत नव्हती. आंतलें भोंकहि त्यांनीं टोंकाकडे पसरट केलें होतें, कोणी न सांगतां, फुटक्या तुकड्यांत तसें पाहिलें म्हणून.

“प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले, “जुन्या नळीवर पांढरा ठिपका होता. तसा बसवून देऊं का? शर्टाच्या बटणाचा होईल.”

मामा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “द्या बसवून.”

ठिपका बसला. पाइप पूर्वींसारखा, कदाचित् पूर्वींपेक्षांहि चांगला ओढूं लागला. मामांनीं तसें बोलूनहि दाखविलें. पण त्यानंतर मित्रांपैकीं कोणी पाइप हातांत घेऊन ठिपक्याकडे पाहूं लागला कीं ते विषय बदलीत, हें माझ्या लक्षांत येऊं लागलें. एकदां मला म्हणाले, “अरे, मी खोटें कोणाशीं बोललों? मीं विकला नाहीं, मिरविला नाहीं. वाटी त्यांचीच आहे. नळी त्यांच्यापेक्षां कमी नाहीं.” मीं कांहींच विचारलेलें नव्हतें. मग स्वतःच म्हणाले, “काढतांहि येईल. पण तेथें खळगा राहील.”

मला वाटतें मामांच्या मनाला जें टोंचत होतें तें त्यांना शब्दांत धरतां आलें नाहीं, कारण त्यांच्या वर्गांतल्या उत्तरांत त्याला जागाच नव्हती. ठिपका जर गाढव असेल, तर आणखी एक गाढव उभें केल्यानें कोणाचें काय बिघडलें? ठिपका जर ‘ही वस्तु उत्तम आहे’ एवढेंच म्हणत असेल, तर तोहि खराच होता, कारण नळी उत्तम होती. तो खोटा होता तो निराळ्या कारणानें. ठिपका म्हणतो, हिच्याबद्दल आम्हांस जाब विचारा. तो जाब लंडनचा कोणी देणार नव्हता. देऊं शकले असते ते बोळांतले गृहस्थ. दुसऱ्याच्या नांवानें वचन देतां येत नाहीं, मग तें पाळलें गेलें तरी.

आणि याहून मला अधिक लागणारी गोष्ट दुसरी आहे. त्या नळीवर एक खूण करावयास जागा होती. ती खूण त्या गृहस्थांची असावयास हवी होती. एखादें अक्षर, एखादी रेघ, कांहींहि. त्यांनीं स्वतः सुचविलें नाहीं, कारण असें कांहीं सुचवितां येतें हें त्यांच्या मनांतहि आलें नसावें. मामांना सुचलें नाहीं, मला सुचलें नाहीं. करवतीवर बसणाऱ्या त्या माणसाविषयीं मीं वर लिहिलें तें लिहितांना माझ्या डोळ्यांपुढें हेच होते. त्यांचें दुकान पुढें गेलें, बोळहि आतां ओळखूं येत नाहीं. त्यांचें आडनांव मला आठवत नाहीं.

एवढ्यावर मला थांबतां आलें असतें तर पुतण्याला उत्तर देणें सोपें होतें. पण पाइप ही कांहीं नुसती पाहण्याची वस्तु नव्हे. १९६४ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत पाइप ओढणें आणि ओंठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मान्य केलेला होता. सिगारेटसंबंधींचें त्यांतलें वृत्त मामांनीं वर्तमानपत्रांत वाचलें आणि पाइपवाले आपण त्यांतले नव्हे, आपण धूर छातींत घेत नाहीं, असें ठरवून टाकलें. कारणांचें शास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यानें एवढें सोपें समाधान करून घ्यावें याचें मला पुढें फार वाईट वाटलें. त्या वेळीं मात्र मींहि तें मानलें. १९८२ च्या पावसाळ्यांत त्यांच्या जिभेच्या कडेला एक व्रण दिसला. शस्त्रक्रियेनंतर त्यांचें बोलणें आम्हांला कळेनासें झालें. जो मनुष्य आयुष्यभर बोलून जगला तो शेवटचे महिने पाटीवर लिहून दाखवी.

आतां गुण कोणाचा? छिद्र बरोबर तळाशीं होतें म्हणून धूर थंड व गोड येई; गोड येई म्हणून मामा दिवसाला दोनांच्या ठिकाणीं चार वेळां ओढीत. गुरगुरणारा पाइप त्यांनीं फारसा ओढलाच नाहीं. वाटी वर्षभर जळणार नाहीं ही हमी होती, आणि ती पाळली गेली; वाटी आजहि शाबूत आहे. तोंडाची हमी कोणी दिलेली नव्हती, आणि कोणी मागितलीहि नव्हती. कुंभाराला घटांत पुढें काय भरलें जाईल याचा जाब विचारूं नये, असें न्यायतः म्हणतां येईल, आणि १९१० च्या कारागिराच्या बाबतींत मी तें म्हणेनहि. पण घटांत काय भरलें जातें हें कळून चुकल्यावर चाक फिरविणाऱ्याला, आणि चाकाचें कौतुक लिहिणाऱ्या माझ्यासारख्यालाहि, तेवढ्यावर सुटतां येतें असें मला वाटत नाहीं. त्याबरोबरच हेंहि खरें कीं बोळांतल्या त्या गृहस्थांचा आठ दिवसांचा हात मला आजहि सुंदर वाटतो, आणि मामांच्या रोगानें तो सांधा कुरूप झाला नाहीं. हीं दोन वाक्यें मला एकत्र बसवितां येत नाहींत. मामांना कदाचित् आलीं असतीं.

पुतण्या पुन्हां येईल तेव्हां मी प्रथम त्याला सूत गुंडाळलेली तार देईन आणि दोन्ही पाइपमधून घालून पाहावयास सांगेन. मग नळीवरच्या बटणाच्या ठिपक्याची गोष्ट. मग ती पाटी. तीहि त्याच खणांत, रुमालाच्या खालीं आहे.

पाइप त्याला हवे असतील तर खुशाल न्यावेत. पाटी मात्र मी ठेवून घेईन.